टिपणीस डॉक्टरांचा सर्वांत गाजलेला पेपर

डॉ. शरच्चंद्र टिपणीस फेब्रुवारीत गेले. सकाळी ऑपरेशनला निघाले होते. मोजे घालायला खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत. वय एकसष्ट.

शोकसभेसाठी त्यांचा परिचय मी लिहावा, असं त्यांच्या पत्नी क्षमाताई म्हणाल्या. "तुला लिहिता येतं," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं. घरी येऊन कागद पुढे घेतला आणि पहिल्या ओळीलाच अडकले. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या संशोधन-पेपरचं काय करायचं, हे मला कळेना.

मी मुलुंडला त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. मराठी घेऊन एम. ए. केलं. एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. हाडांशी माझा काही संबंध नव्हता. चार वर्षांपूर्वी ते एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अबोली, तू भाषावाली ना? जरा खाली आमच्याकडेही उतरत जा."

त्यांना एक प्रश्नावली मराठीत आणायची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला काय काय जमतं, ते विचारणारी. मूळ प्रश्नावली परदेशातली. त्यात एक प्रश्न बाथटबमधून बाहेर येण्याचा होता.

"आता हा प्रश्न मी माझ्या पेशंट परबमावशींना विचारू?" ते म्हणाले. "त्या विचारतील, टबात गेले कशाला?"

आम्ही बाथटब काढला. त्याच्या जागी शेअर रिक्षात मधल्या सीटवर सरकणं घातलं. भरलेली बादली उचलणं घातलं. देवापुढे वाकणं घातलं. ते प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून बघायचे. कामात मी त्यांना 'सर' म्हणू लागले. 'काका' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. मग दर रविवारी सकाळी मी खाली जाऊ लागले, काम असो वा नसो.

ते महापालिकेच्या एका उपनगरी रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. शंभराहून जास्त पेपर त्यांच्या नावावर होते. पण लोक त्यांना एका पेपरवरून ओळखायचे. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर माणसाला जमिनीवर बसता येत नाही, ही आपल्याकडची मोठी तक्रार. सरांनी सांधा बसवताना मांडीच्या हाडाचा मागचा भाग थोडा जास्त तासायची एक पद्धत बसवली. गुडघा पुरता वाकावा म्हणून. मग आपल्या रुग्णांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं आणि लिहिलं, की पाच वर्षांनंतर दहातले नऊ जण मांडी घालून बसतात आणि उठतात.

हा पेपर जगभर गेला. दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात त्याचा आधार घेतला, की त्याला एक सायटेशन म्हणतात. या एकट्या पेपरची सायटेशनं त्यांच्या बाकीच्या सगळ्या पेपरांच्या बेरजेइतकी होती. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. सर रविवारी चहा घेताना बघायचे. लपवून बघत नसत.

"झालं का?" क्षमाताई आतून विचारायच्या. "लोकांच्या घरी क्रिकेटचा स्कोअर बघतात. आमच्याकडे गुडघ्याचा."

"सेंच्युरी मारतोय गं गुडघा," सर म्हणायचे. "तुझं काय जातंय?"

त्यांना त्याचा आनंद होता. तो आनंद त्यांनी कधी लाजून लपवला नाही. मला तो आवडायचा. माझ्या ओळखीतल्या लिहिणाऱ्या माणसांना आपलं कुणी वाचतं का, हे आयुष्यभर कळत नाही.

गेल्या गणपतीत आम्ही चारकोपला वनमाला परबांकडे गेलो. त्याच परबमावशी. त्यांचे दोन्ही गुडघे सरांनी बदलले होते. दर वर्षी त्या सरांना जेवायला बोलवायच्या. त्या दिवशी क्षमाताईंना बरं नव्हतं, म्हणून सरांनी मला नेलं.

आरती झाली. पुढच्या खोलीत सतरंज्या टाकून पानं मांडली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. सर मांडी ठोकून बसले. परबमावशी स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होत्या.

"मावशी, तिथे काय बसलात? या, माझ्या शेजारी बसा."

"नको, मी हय बरी."

"अहो या हो. ऑपरेशन कशाला केलं मग?"

त्यांची सून श्वेता वाढत होती. ती हसली. "डॉक्टर, त्या कुठल्या खाली बसतायत! ऑपरेशन झाल्यापासून एकदा नाही बसल्या. नातवाला मांडीवर घ्यायचं तरी खुर्चीतच."

"श्वेता, गप गो," मावशी म्हणाल्या.

सरांचा हात ताटात तसाच राहिला. "मावशी, मी तुम्हाला दर वर्षी विचारलं. तपासणीला आलात की विचारायचो. तुम्ही म्हणायचात, बसते."

"तसा म्हटलंय खरा."

"मग?"

मावशींनी पदर सारखा केला. "तुमी येवढ्या मायेन इचारायचास. भायर माणसांची ही रांग. तुमचा जेवान झाला नसायचा. तुमका तोंडार नाय म्हणान सांगू? तुमचा तोंड येवढासा झाला असता." मग एकदम आवाज वाढवून म्हणाल्या, "आणि दुखना गेला ना माजा? चलतंय, बाजार हाडतंय. ता काय थोडा?"

"थोडं नाही, मावशी," सर म्हणाले.

त्यांनी ताट पूर्ण संपवलं. मावशींनी खीर पुन्हा वाढायला सांगितली. सरांना गोड चालत नव्हतं. त्यांनी ती घेतली.

परतताना गोरेगावला सिग्नल लागला. सर म्हणाले, "त्या माझ्या पेपरमध्ये आहेत, अबोली. नऊ जणांत."

मी म्हटलं, "एक मावशी खोटं बोलल्या म्हणून सगळा पेपर थोडाच…"

"सगळ्यांना मीच विचारलंय. त्याच ओपीडीत, त्याच टेबलामागून. खाली बसवून बघायला जागा कुठे होती? फरशीवर पाय ठेवायला जागा नसायची." सिग्नल हिरवा झाला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. "ज्याने ऑपरेशन केलं, त्यानेच विचारायचं, की बरं झालं का. आणि समोर आपली माणसं. काय सांगणार ती?"

त्या रविवारी त्यांनी सायटेशनं बघितली नाहीत. मला एक मेल दाखवला. ढाक्याच्या एका सर्जनचा, जुना. त्याने लिहिलं होतं, तुमच्या पद्धतीने आम्ही आता ऑपरेशनं करतो, रुग्णांना खाली बसता येईल असं सांगतो. हा मेल सरांनी पूर्वी मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला होता.

"हा माणूस माझ्या भरवशावर जास्तीचं हाड काढतोय," ते म्हणाले. "आणि काढलेलं हाड परत लावता येत नाही."

मग आम्ही पेपरमधल्या रुग्णांच्या घरोघर जायला लागलो. म्हणजे मी जायचे. सर गाडी लावून खालीच बसायचे. वर आलो तर पुन्हा तेच होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला एक गोष्ट पक्की बजावली होती. "खाली बसता का, असं विचारायचंच नाही. तुम्ही घरात कुठे कुठे बसता ते दाखवा, म्हण. आणि गप्प राहा."

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, भांडुप. हिवाळ्यातले सगळे शनिवार-रविवार त्यात गेले. लोक मला घर दाखवायचे. ही माझी खुर्ची. हा पलंग, याच्याखाली विटा लावून उंच केलाय. पूजेला हे स्टूल. एका गृहस्थांनी देव्हारा जमिनीवरून काढून भिंतीवर छातीच्या उंचीला बसवून घेतला होता. "डॉक्टरांना सांगू नका हं," ते म्हणाले. "त्यांना वाटेल, आपण उगाच राबलो."

काही जण खरंच बसायचे. वर्सोव्याला एका कोळीणबाईंनी, मी विचारायच्या आत, ओट्याखालची विळी ओढली आणि त्या धप्पकन खाली बसल्या. "कुठं बसते म्हंजे? हितं!" आणि माझ्यासमोर पापलेट कापायला घेतलं. मी जिना धावत उतरले. सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, बास, आता इथेच थांबावं.

थांबलो नाही. जानेवारीपर्यंत बहुतेक घरं झाली. खाली बसणारे दहातले तीनच. फार तर साडेतीन, सर म्हणाले. तेवढा विनोद त्यांनी केला.

त्याच आठवड्यात त्यांनी देवव्रत सरांना घरी बोलावलं. डॉ. देवव्रत नाबर त्यांचे विद्यार्थी, आता त्याच विभागात सहयोगी प्राध्यापक. त्या पेपरवर दुसरं नाव त्यांचं. सगळी कोष्टकं त्यांनीच केली होती. पुढच्या बढतीसाठी त्यांच्याकडचा सगळ्यात वजनदार पेपरही तोच.

मी चहाचे कप उचलत होते. सर म्हणाले, बस तू. मी बसले.

"मागे घेऊ या," सर म्हणाले. "मासिकाला कळवू. आपली पाहणी चुकीची होती, हा पेपर रद्द धरा."

"सर, वाट लागेल."

"लागू दे."

"माझीपण लागेल ना!" देवव्रत सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "सर, आपण खोटं काही लिहिलं नाही. गुडघे वाकतात. कोन मी स्वतः मोजलेत."

"कोन तपासणीच्या टेबलावर झोपवून मोजलेस. माणूस टेबलावर राहतो का रे?"

"दुरुस्ती छापू. एक छोटी टीप. सगळा पेपर कशाला?"

"देवव्रत, त्या पेपरमध्ये त्या एका वाक्याशिवाय आहे काय? लोक त्या वाक्यासाठीच येतात."

देवव्रत सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचं सगळं नाव त्याच्यावर आहे."

"म्हणून तर," सर म्हणाले.

त्यांनी मासिकाला लिहिलं. मासिकाचं उत्तर आलं, की दोन्ही लेखकांची संमती लागेल. देवव्रत सर म्हणाले, "विचार करतो, सर." सरांनी त्यांना घाई केली नाही. रोज एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये दोघं उभे राहायचे. एकदा मी विचारलं, त्यांना आठवण का करत नाही? सर म्हणाले, "तो करेल. त्याला मुलं आहेत, वेळ लागणारच."

आणि मग फेब्रुवारी.

शोकसभेच्या तयारीला देवव्रत सर घरी आले. डोळे सुजलेले. त्यांनी सरांच्या सगळ्या कामाची माहिती छापून आणली होती. पेपर किती, सायटेशनं किती, कुठे कुठे व्याख्यानं. पहिल्याच ओळीत तो पेपर.

क्षमाताईंनी वाचलं. "हा तर शरद मागे घेणार होता ना?"

"वहिनी, आता कशाला?" देवव्रत सर म्हणाले. "एकदा 'मागे घेतला' असा शिक्का बसला, की कारण कुणी वाचत नाही. सरळ चोर समजतात. सर असते तर चार लोकांना तोंड दिलं असतं त्यांनी. आता त्यांच्या बाजूने कोण बोलणार? राहू द्या आहे तसं. त्यांचं नाव चांगलं राहू द्या."

मला परबमावशी आठवल्या. हा माणूस स्वतःचं बघत नव्हता. निदान त्या क्षणी तरी नाही.

मी म्हटलं, "सर, मी घरं बघितलीयेत."

"तू डॉक्टर नाहीस, अबोली. लोक तुला काहीही सांगतील."

"मग तुम्ही चला."

"चल," ते चिडून म्हणाले. "आत्ता चल."

घाटकोपरचं एक घर राहिलं होतं. चंद्रप्रकाश मोहिते, एसटीतून निवृत्त झालेले. आम्ही गेलो तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी टीव्ही बघत होते. देवव्रत सरांना बघून मोहिते खुर्चीचे हात धरून उठले.

"नाबर साहेब! तुम्ही? टिपणीस साहेबांचं कळलं हो. विश्वास बसत नाही अजून."

चहा सांगून झाला. देवव्रत सरांनी गुडघ्यांवरून हात फिरवला, वाकवून बघितले. मग विचारलं, "काका, खाली मांडी घालून बसता येतं?"

"म्हणजे काय? रोज! पूजा खालीच बसून करतो मी."

देवव्रत सरांनी माझ्याकडे बघितलं. मोहित्यांच्या पत्नी टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीचा आवाज त्यांनी बंद केला होता.

आपण जिंकलो, असं देवव्रत सरांना वाटलं असेल तर ते क्षणभरच. ते चांगले डॉक्टर आहेत. त्यांनी बाईंचा चेहरा बघितला.

"बसून दाखवाल?" ते हळूच म्हणाले.

"अहो," बाई म्हणाल्या.

"तू थांब गं." मोहित्यांनी चष्मा काढून टीव्हीवर ठेवला. पलंगाची कड धरली. एक पाय मागे नेला आणि खाली जायला लागले. गुडघा वाकत होता. खरंच वाकत होता. पण मांडीत जोर नव्हता. अर्ध्यात त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तरी खाली जात राहिले.

"नको! काका, नको!" देवव्रत सर ओरडले. त्यांनी झेप घेऊन मोहित्यांना काखेत धरलं. दोघं तसेच थोडा वेळ उभे होते, एकमेकांना धरून.

"आज जरा सवय नाही," मोहिते धापा टाकत म्हणाले. "एरवी बसतो मी. तुम्ही लिहा, बसतो म्हणून. टिपणीस साहेबांनी जीव ओतला हो माझ्यासाठी. मी काठी टेकत गेलो होतो त्यांच्याकडे. त्यांच्या माघारी त्यांना कमीपणा नको माझ्यामुळे."

देवव्रत सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून पुन्हा दोन्ही गुडघे तपासले. कुठे दुखावलं नाही ना, ते बघितलं. खूप वेळ बघितलं. चहा आला तो तिथेच बसून प्यायले.

जिन्यात ते म्हणाले, "पडले असते गं ते."

मी हो म्हटलं.

"सर मला रोज बघायचे, काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, विसरले असतील."

संमतीचा मेल त्यांनी गाडीत बसूनच पाठवला. पाठवल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

शोकसभेत मी लिहिलेला परिचय त्यांनीच वाचला. त्या पेपरचं नाव त्यात होतं. तो किती गाजला तेही होतं. तो चुकला, हे सरांनी स्वतः कसं शोधलं, आणि तो आता मागे घेतला जातोय, हेही होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजच काढायची गरज होती का हे?" देवव्रत सरांनी ऐकलं. वाचताना ते तिथे थांबले, मग पुढे वाचत गेले. आपली संमतीही वेळेवर गेली नाही, हे माझ्या कागदात नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या मनाने सांगितलं.

कार्यक्रम संपल्यावर सरांचे दोन सहकारी क्षमाताईंना न भेटताच निघून गेले. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की काय भानगड होती?" मी सगळं पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये मासिकाची सूचना प्रसिद्ध झाली. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले. आता तो पेपर उघडला, की प्रत्येक पानावर लाल अक्षरांत आडवं छापलेलं दिसतं, की हा मागे घेतला आहे. ते बघायला मला जड गेलं. सायटेशनांचा आकडा तसाच होता. उलट थोडा वाढला होता. कुणी तरी कुठे तरी अजून त्या वाक्याचा आधार घेतच होतं. ढाक्याच्या सर्जनला मी आणि देवव्रत सरांनी वेगळं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

क्षमाताईंनी चष्मा शोधला, सापडला नाही. "तूच वाच," त्या म्हणाल्या. "मराठीत सांग."

मी सांगितलं. "या लेखातला मुख्य निष्कर्ष टिकत नाही. रुग्णांना त्यांच्या शल्यचिकित्सकाने स्वतः प्रश्न विचारल्यामुळे उत्तरं भरवशाची नव्हती. ही चूक पहिल्या लेखकाने स्वतः शोधली, रुग्णांची पुन्हा पाहणी केली आणि लेख मागे घेण्याची विनंती केली. सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांचं निधन झालं. दुसरे लेखक सहमत आहेत."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या पडद्याकडे वाकल्या. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसणार.

"पहिला लेखक म्हणजे शरदच ना?"

"हो."

"नाव घातलंय का त्याचं?"

"घातलंय. वरच आहे."

"दाखव," त्या म्हणाल्या. मी अक्षरं मोठी करून दिली.